पंधरा तारांचे भांडण

संगणकाचा इतिहास मराठीत जेव्हा जेव्हा वाचायला मिळतो, तेव्हा तो बहुधा वेगाचा आणि स्वस्ताईचा इतिहास असतो. अमुक साली अमुक चिप आली, तमुक साली किंमत उतरली, वगैरे. या सगळ्यात घराघरांत आणि कचेऱ्याकचेऱ्यांत पंधरा-वीस वर्षे चाललेले एक भांडण कुणी नोंदवत नाही. ते म्हणजे आयआरक्यूचे भांडण. १९९० च्या दशकात ज्यांनी संगणकाची पेटी उघडून आत एखादे कार्ड बसवले असेल, त्यांना ते आठवत असेल. नवे साउंड कार्ड बसवावे आणि प्रिंटर अडावा. मोडेम बसवावा आणि माउस गोठावा. नवे कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात घालून पाहिले तर ठणठणीत, ते काढून टाकले तर आपले यंत्रही ठणठणीत, दोघे एकत्र आले की मात्र सासू-सुनेचा संसार.

मी कला शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी सरकारी कारकून. यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. पण या भांडणात यंत्राचा दोष थोडा होता. वाटपाचा आणि नोंदीचा दोष जास्त होता, आणि त्या विषयात कारकुनाला चार गोष्टी कळतात. म्हणून हा लेख.

आधी इंटरप्ट म्हणजे काय ते पाहू. आपल्या गावात सकाळी पोदेर पाव घेऊन येतो, तो सायकलवरून पोंपों भोंगा वाजवत. तो भोंगा नसता तर घरच्या माणसाला दर पाच मिनिटांनी दारात जाऊन पोदेर आला का पाहावे लागले असते आणि हातातले काम तिथेच राहिले असते. भोंगा असल्यामुळे आपण आपले काम करीत राहतो, आवाज आला की उठतो, पाव घेतो, आणि पुन्हा कामाला लागतो. संगणकाच्या प्रोसेसरचेही तेच. कळफलकावर कळ दाबली गेली, डिस्कने मागितलेली माहिती तयार झाली, की ते ते उपकरण एका तारेवरून प्रोसेसरला हाक देते. प्रोसेसर हातातले काम जिथल्या तिथे ठेवून त्या उपकरणाचे काम उरकतो आणि परत येतो. ही हाक म्हणजे इंटरप्ट, आणि हाक मारण्याच्या तारेचा क्रमांक म्हणजे आयआरक्यू. अक्षरशः 'इंटरप्ट रिक्वेस्ट', म्हणजे व्यत्ययाचा अर्जच.

कल्पना जुनी आहे. एड्सगर डायक्स्ट्रा हा डच संगणकशास्त्रज्ञ 'एक्स १' नावाच्या यंत्रावर काम करीत असताना त्याच्या सहकाऱ्यांनी, लोपस्ट्रा आणि शोल्टेन यांनी, यंत्रात इंटरप्ट ठेवण्याचे सुचवले. डायक्स्ट्रा त्याने चक्क धास्तावला आणि बरेच दिवस होकार लांबवत राहिला. हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही, त्यामुळे झालेली चूक पुन्हा जशीच्या तशी घडवून पाहता येत नाही, ही त्याची भीती. पुढे १९५९ साली त्याने याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. त्याची भीती किती रास्त होती, ते तीस-पस्तीस वर्षांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेल्या प्रत्येक दुकानदाराला कळले.

आता मूळ कथा. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या चमूने तो वर्षभरात उभा केला होता. घाई होती, म्हणून बाजारात तयार मिळणारे भाग घेतले. हाका सांभाळण्यासाठी इंटेलची ८२५९ ही चिप घेतली. तिला आठ तारा, शून्य ते सात. शून्य क्रमांक घड्याळाला, सेकंदाला सुमारे १८ ठोके. एक क्रमांक कळफलकाला. उरलेल्या सहा, म्हणजे २ ते ७, कार्डांच्या खाचांपर्यंत नेल्या. खाचा पाच होत्या आणि फ्लॉपी, प्रिंटर, सिरियल जोडणी एवढाच बारदाना होता. सहा तारा तेव्हा ऐसपैस वाटल्या असणार.

तीन वर्षांनी, १९८४ साली, 'एटी' हे मोठे यंत्र आले आणि त्यात दुसरी ८२५९ घातली. दुसरी चिप पहिलीच्या २ क्रमांकाच्या तारेवर टांगली. त्यामुळे सोळातली एक गेली आणि पंधरा उरल्या. याच पंधरा तारांवर पुढची पंधरा वर्षे जगातले जवळजवळ सगळे पीसी चालले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचा हिशेब काय होता पाहा. ० घड्याळ, १ कळफलक, ३ आणि ४ सिरियल जोडण्या, ६ फ्लॉपी, ७ प्रिंटर, ८ तारीख-वेळ राखणारे घड्याळ, १२ नव्या धाटणीचा माउस, १३ गणिती प्रोसेसर, १४ आणि १५ हार्ड डिस्क व सीडी. मोकळ्या राहिल्या ५, ९, १० आणि ११. साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, मोडेम, स्कॅनरचे कार्ड, सगळ्यांनी या चारांत भागवायचे.

पण तारा कमी होत्या एवढेच दुखणे असते तर दोघांनी एक वाटून घेतली असती. तेही जमत नव्हते, आणि का जमत नव्हते ते समजून घेण्यासारखे आहे. पुन्हा पोदेराकडे वळू. आपल्याकडे नुस्ते विकणारा स्कूटरवाला येतो, त्याचाही भोंगा तसाच. समजा दोघे एकाच क्षणी दारात आले आणि दोघांनी एकदमच पोंपों केले. घरातल्या माणसाला ऐकू येतो एकच आवाज. तो बाहेर येतो, पाव घेतो, आत जातो. नुस्तेवाला समजतो, मी हाक दिली आहे, येईल कुणीतरी. तो वाट पाहत उभा राहतो आणि घरात कुणाला पत्ता नाही. जुन्या कार्डांच्या खाचांवरचा, म्हणजे आयएसए पद्धतीचा, भोंगा असा होता. तारेवरची पातळी खालून वर गेली त्या क्षणाची तेवढी दखल घेतली जाई. दुसरी पद्धत अशी, की काम होईपर्यंत भोंगा दाबूनच धरायचा. पाव घेऊन झाला तरी आवाज चालूच आहे म्हटल्यावर माणूस पुन्हा बाहेर येणार आणि नुस्तेवाल्याकडेही पाहणार. या दुसऱ्या पद्धतीत एक तार कितीही जणांना वाटून घेता येते.

गंमत अशी की ८२५९ चिपला दोन्ही पद्धती येत होत्या. यंत्र सुरू होताना तिला जी आज्ञा दिली जाते तिच्यातल्या एका बिटावर पद्धत ठरते, आणि ती आठही तारांना एकदमच लागू होते. आयबीएमने पहिली पद्धत निवडली. अर्थात नुसता तो बिट बदलून सगळे निभावले असते असे नाही. कार्डे तारेला ज्या तऱ्हेने जोडलेली असत, त्यात एक कार्ड तार खाली धरून बसे तेव्हा दुसरे ती वर ओढू पाही, म्हणजे विजेचीही ओढाताण. पण दोन्ही गोष्टी त्या वर्षभराच्या घाईत ठरल्या आणि मग त्या बदलायची सोय राहिली नाही, कारण जगभरची कार्डे त्याप्रमाणे तयार होऊ लागली होती.

इथे माझा कारकुनी मुद्दा येतो. आयबीएमने आपल्या यंत्राचे आराखडे पुस्तकात छापून खुले केले. कुणीही यावे, कार्ड करावे, विकावे. याच मोकळेपणाने पीसी जगभर पसरला, हे मान्यच. पण कोणते कार्ड कोणता क्रमांक घेणार, याची नोंद ठेवणारे कुणी नेमले नाही. गोव्यात गावकारीच्या शेतांची पावणी होते, तेव्हा कोणता तुकडा किती मुदतीसाठी कुणाकडे गेला हे वहीत चढते. वही नसती तर एकाच मेरेवर दोघे नांगर घेऊन उभे राहिले असते. कार्डांच्या बाजारात नेमके तेच झाले. प्रत्येक कारखानदाराने आपल्याला सोयीचा क्रमांक आधीच ठरवून पेटीत घातला. नॉव्हेलच्या धर्तीवरची एनई २००० नेटवर्क कार्डे ३ क्रमांकावर ठरवलेली येत, तर तोच क्रमांक दुसऱ्या सिरियल जोडणीचा. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १९८९ साली आले ते ७ क्रमांक घेऊन, म्हणजे प्रिंटरच्या जागेवर. डॉसमध्ये छपाई बहुधा इंटरप्टविना चाले म्हणून हे खपून गेले. ओएस/२ सारख्या प्रणालीत छपाईला ती हाक लागे, तिथे खटका उडाला. पुढच्या कार्डांनी ५ क्रमांक धरला, आणि ऑटोएक्झेक फाइलमध्ये पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ अशी ओळ लिहिणे हा त्या काळच्या मुलांचा पाढा झाला. क्रमांक चुकला तर खेळातला आवाज पहिल्या तुकड्यावरच अडकून राही किंवा तिथेच मरे, कारण तुकडा संपल्याची हाक प्रोसेसरपर्यंत पोचतच नसे.

७ क्रमांकाची आणखी एक कथा सांगण्याजोगी आहे. एखाद्या कार्डाने हाक दिली आणि ८२५९ ने 'कोण?' म्हणून पाहण्याआधीच ती मागे घेतली, तर चिपला काहीतरी उत्तर द्यावेच लागते. ती सरळ ७ म्हणून सांगते. निनावी तक्रार आली की ती एका ठरावीक टेबलावर ढकलायची, तसे हे. प्रिंटर बिचारा बंद असला तरी नाव त्याचे.

आपल्या भाषेचेही या खाचांशी नाते आहे. डॉसच्या काळात पीसीच्या पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र अशा वेळी एका कार्डाच्या रूपाने आले. ते खाचेत बसवले की पडद्यावर मराठी, कोंकणी, हिंदी दिसू लागे. म्हणजे १९८७ च्या राजभाषा कायद्याने आपल्याकडे मराठीचा वापर मान्य केला असला, तरी यंत्रात तिला एक खाच अडवून बसावे लागत होते, आणि शेजारच्या कार्डांशी जुळवून घ्यावे लागत होते. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड आणि मंगल हा टंक आला, तेव्हा ती खाच मोकळी झाली.

मी स्वतः हे भांडण पाहिले ते पदवीनंतर, नोकरी लागण्यापूर्वी, जुळणीचे संगणक विकणाऱ्या एका छोट्या दुकानात वर्षभर हाताखाली काम करीत असताना. साल २०००. एका घरचे यंत्र वारंवार येई. वडील आखातात, म्हणून मुलाने ईमेलसाठी आतला मोडेम बसवून घेतला होता. तक्रार एकच: इंटरनेट जोडले जाते, पण माउस हलवला की एकतर माउस गोठतो नाहीतर जोडणी तुटते. दुसऱ्या एका दुकानाने त्यांच्याकडून तीनदा विंडोज पुन्हा घालण्याचे पैसे घेतले होते. त्या बाईंनी पावत्या जपून पिशवीत आणल्या होत्या. फोनचे बिल वेगळेच, कारण तुटलेल्या प्रत्येक जोडणीमागे नवा कॉल. पैशांपेक्षा त्यांना खुपत होते ते हे, की नवऱ्याला वाटत होते मुलगा उत्तर देण्याचा कंटाळा करतो.

आमच्या दुकानातल्या जाणत्याने पेटी न उघडताच विचारले, माउस गोल तोंडाचा की चपट्या, नऊ पिनांचा? चपटा होता, म्हणजे सिरियल, म्हणजे पहिली जोडणी, कॉम १. मोडेम होता कॉम ३ वर. आणि पीसीच्या रूढीप्रमाणे कॉम १ आणि कॉम ३ यांना एकच तार, ४ क्रमांकाची. कॉम २ आणि कॉम ४ यांना एकच, ३ क्रमांकाची. पत्ते निराळे, म्हणून दोन्ही यंत्रात दिसतात. दोघे एकाच वेळी बोलू लागेपर्यंत सगळे सुरळीत वाटते. त्याने बायॉसमध्ये जाऊन मदरबोर्डवरची दुसरी सिरियल जोडणी बंद केली, कारण तिला काही लावलेलेच नव्हते. मग मोडेमवरचे जंपर काढून कॉम २ आणि आयआरक्यू ३ वर बसवले. जंपर म्हणजे दोन पिनांवर चढवायचे, तांदळाच्या दाण्याएवढे टोपण. काम दहा मिनिटांचे. पण आधी त्याने काय केले होते ते महत्त्वाचे: ग्राफिक्स सोडून सगळी कार्डे काढली, आणि एकेक परत घालत प्रत्येक वेळी यंत्र चालवून पाहिले. शेवटी एका चिठ्ठीवर कोणत्या कार्डाला कोणता क्रमांक दिला ते लिहून ती पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवली. आयबीएमने १९८१ साली जी वही ठेवली नाही, ती त्याने त्या घरापुरती ठेवली. त्याने घेतले पन्नास रुपये.

असो. आयबीएमलाही आपली उणीव कळली होतीच. १९८७ साली पीएस/२ यंत्रांबरोबर त्यांनी 'मायक्रो चॅनेल' आणले. त्यात तारा वाटून घेता येत, जंपर गेले, आणि प्रत्येक कार्डाला ओळख क्रमांक मिळाला. नोंदवही आली म्हणा ना! पण वहीबरोबर मालकी आणि स्वामित्वशुल्कही आले. १९८८ च्या सप्टेंबरमध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी ते नाकारून आपली ईआयएसए पद्धत जाहीर केली. तिच्यातही तारा वाटण्याची सोय होती, पण ती महाग, म्हणून सर्व्हरपुरतीच राहिली. चांगली व्यवस्था केवळ भाड्यापायी नाकारली गेली आणि सामान्य माणूस आणखी सात-आठ वर्षे जंपर चिमटीत धरून बसला. आयबीएमचा लोभ नडला की बाकीच्यांचा हट्ट, यावर वाद घालता येईल. मला तरी भाडेकरूंचे म्हणणे पटते, पण त्रास कुणी सोसला तेही दिसते.

१९९३ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जुन्याच खाचांसाठी 'प्लग अँड प्ले' पद्धत ठरवली, आणि २४ ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ मुळे ती घरोघर पोचली. तिची हजेरी घेण्याची रीत मोठी सुरेख आहे. प्रत्येक कार्डात ७२ बिटांची ओळख कोरलेली. सगळी कार्डे एकदमच आपली ओळख एकेक बिट करून बोलू लागतात. ज्याचा बिट १ असेल ते बोलते, ज्याचा ० असेल ते ऐकते, आणि दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर आपण गप्प बसते. शेवटी एकच उरते. त्याला क्रमांक मिळतो, आणि बाकीच्यांची हजेरी पुन्हा सुरू. वर्गात सगळ्यांनी एकदम ओरडावे आणि तरी मास्तरांनी एकेकाला ओळखावे, असा हा प्रकार.

अडचण होती ती जुन्या कार्डांची. ज्यांना ही भाषा येत नव्हती ती हजेरीत बोलतच नसत, मग त्यांची तार मोकळी समजून दुसऱ्याला दिली जाई. तोवर डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे उद्गारचिन्ह सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते. लोक 'प्लग अँड प्रे' म्हणू लागले, म्हणजे खाचेत घाला आणि देवाचा धावा करा. उपाय असा, की बायॉसमध्ये तो क्रमांक 'जुन्या कार्डासाठी राखीव' म्हणून चढवायचा आणि साठवलेली जुनी वाटणी पुसून नव्याने वाटायला लावायची.

खरे उत्तर निराळ्या खाचांनी दिले. १९९२ साली आलेल्या पीसीआयमध्ये भोंगा काम होईपर्यंत दाबूनच धरलेला असतो, त्यामुळे तार वाटून घेणे हा नियमच झाला. शिवाय या खाचांसाठी निर्मात्यांची नोंद ठेवणारी संस्था उभी राहिली आणि प्रत्येक निर्मात्याला क्रमांक मिळाला. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, थोडी हौस म्हणायची. आणि प्रत्येक कार्डात माहितीचे एक पान असते, त्यात 'इंटरप्ट लाइन' नावाचा एक रकाना असतो. यंत्र सुरू होताना बायॉस तो भरतो. माझ्यातल्या कारकुनाला हा रकाना फार आवडतो.

तरी भांडणे एकदम मिटली नाहीत. पीसीआयच्या खाचांना तारा आळीपाळीने जोडलेल्या असत, आणि पुष्कळ बोर्डांवर ग्राफिक्सची खाच आणि तिच्या शेजारची पहिली पीसीआय खाच एकाच तारेवर. नियम वाटून घेण्याचा असला तरी एखाद्या कार्डाचा प्रोग्राम हलगर्जीपणे लिहिलेला असे. हाक आपली नाही हे पाहून पुढच्याला वाट देण्याऐवजी तो ती गिळून बसे. म्हणून 'कार्ड एक खाच खाली घालून पाहा' हा सल्ला अंधश्रद्धेसारखा वाटला तरी त्यात तथ्य होते. विंडोज २००० ने तर अनेक यंत्रांवर सगळी पीसीआय कार्डे ९ क्रमांकाच्या एकाच तारेवर नेऊन बसवली. जाणते लोक ते पाहून घाबरले, पण बहुतेक वेळा काही बिघडत नव्हते.

पुढे २४ तारांची नवी वाटप-चिप घरगुती यंत्रांत आली, आणि त्यानंतर तारच गेली. १९९८ च्या पीसीआय २.२ मध्ये आलेली आणि पीसीआय एक्स्प्रेसने सर्रास केलेली रीत अशी, की कार्ड भोंगा वाजवत नाही. ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा निरोप लिहून टाकते, आणि निरोपातच कोण व कशासाठी ते असते. अशा निरोपांना क्रमांक हवे तेवढे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उणे आकड्यांनी दाखवले जातात, उणे दोन, उणे तीन असे.

कचेरीत माझ्या टेबलावर आज जे यंत्र आहे, त्यात आयएसएची एकही खाच नाही. तरी डिव्हाइस मॅनेजर उघडून क्रमांकवार यादी लावली, की पहिल्या ओळींवर शून्य क्रमांकाला घड्याळ असते आणि त्याच्यापुढे कंसात 'आयएसए' असे लिहिलेले असते.